लालच्या पुढे

बन्यामीन आप्पांनी ताट पुढे ढकललं, तशी वाटीतली आमटी टेबलावर सांडली.

"अर्धीच भाकरी. रोज अर्धी," ते म्हणाले. "दयाबाईला म्हणावं, डबा द्यायचा तर नीट दे. चर्चमधी पहिल्या बाकावर बसती आन् म्हाताऱ्याची भाकरी चोरती."

ताटाची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी रिकामी होती. डावीकडे अर्धी भाकरी, मेथीची भाजी आणि लिंबाची फोड जागच्या जागी होती.

गौतमी त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. शिरूरच्या एका संस्थेत ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. आजारातून उठलेल्या माणसाला जेवण, अंघोळ, चहा ही रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत आणि आपल्याच घरात राहता यावं, हे तिचं काम. नाहीच जमलं, तर संस्थेच्या आवारात खोली मिळत असे. आप्पांसाठी खोली झाडून ठेवली होती. दुपारी त्यांना न्यायला इथे दौंडला संस्थेची गाडी येणार होती. ती रिकामी परत पाठवायची की नाही, हे गौतमीने सांगायचं होतं.

टेबलाच्या डाव्या टोकाला आप्पांची मुलगी इवा बसली होती. तिच्या पायाशी बॅग होती. आप्पांचे कपडे भरून तिची चेन लावलेली होती.

"अर्धी नाही, पप्पा. बाकीची ताटातच आहे," इवा म्हणाली.

"ताटातच म्हणं," आप्पा गौतमीकडे बघत म्हणाले. "मग तुमी खाल्ली का काय, बाई?"

इवाने खुर्ची मागे सारली आणि स्वयंपाकघरात गेली. गौतमी तिच्या मागोमाग गेली.

"बघितलंत?" इवा ओट्याला टेकून म्हणाली. "मंगळवारी आले तेव्हापासून हेच चाललंय. बोलते मी, उत्तर दुसऱ्याला. कुणी नसलं तर भिंतीला देतील, पण मला नाही. चर्चबाहेरच्या मुलाशी लग्न केलं म्हणून लग्नाला आले नाहीत. अजून तेच धरून बसलेत."

"त्यांना झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला," गौतमी म्हणाली. "डोळे चांगले आहेत. पण डावी बाजू म्हणून काही असतं, हेच मेंदू विसरून गेलाय. डावीकडून हाक आली तरी ती उजवीकडून आली असं त्यांना वाटतं."

"वा. आजारसुद्धा सोयीचा मिळाला."

"इवाताई..."

"नका समजावू. तुम्ही संध्याकाळी शिरूरला आपल्या घरी असाल. मी यायच्या आदल्या रात्री डावीकडचा बर्नर तसाच सुरू ठेवून हे झोपले. शेजारच्या दयाबाईंना वास आला नसता तर? लोक तुम्हाला विचारणार नाहीत, मला विचारतील. मुलगी कुठे होती म्हणून."

"तो बर्नर काढून टाकता येईल. सकाळच्या वेळी आमची बाई येऊन जाईल. न्हाणीत धरायला दांडी बसवू. पण त्यांनी स्वतःहून डावीकडे बघायला हवं. ते जमलं नाही, तर मी त्यांना इथे ठेवा म्हणणार नाही."

"ते बघणार नाहीत," इवा म्हणाली.

दोघी परत येऊन बसल्या. इवा पुन्हा त्याच खुर्चीत. गौतमीने पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली, तिचा लांब तुकडा तोडला आणि ताटाच्या डाव्या काठालगत टेबलावर उभा चिकटवला. कॉलेजात शिकवलं होतं तसं. डाव्या कडेला काही ठळक असलं की नजरेला तिथवर जायचं निमित्त मिळतं.

"आप्पा, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा."

"दिसती की."

"कुठं आहे?"

आप्पांनी उजवीकडच्या लोणच्याच्या बरणीवर बोट ठेवलं. तिचं झाकण लाल होतं.

"दुसरं काही काम न्हाई का वो तुमच्या संस्थेला?" ते म्हणाले. "चांगल्या माणसाला आंधळा ठरवायचा आन् आपल्या खोल्या भरायच्या."

इवा हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

गौतमीने मान वर केली. समोरच्या भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली एक फोटो होता. इंजिनाच्या दारात दांडी धरून उभे असलेले तरुण आप्पा, कपाळावर आठी.

"गाडी चालवताना सिग्नल कुठल्या बाजूला असतो, आप्पा?"

"डाव्या. एवढंबी ठाव न्हाई?"

"आणि बघायचा कसा?"

"बघायचा कसा म्हंजी? असिस्टंट वरडतो, ड्रायव्हर बघतो आन् परत वरडतो. दोघंबी बोलल्याबिगर सिग्नल धरायचाच न्हाई. मालगाडी हाकलीया मी, टांगा न्हाई."

"सिग्नल!" गौतमी ओरडली. स्वतःचा आवाज तिलाच परका वाटला.

आप्पांची मान वळली. हळूहळू, अडखळत, पण वळली. भाजीवरून, भाकरीवरून सरकत नजर पट्टीशी आली.

"लाल," ते म्हणाले.

आणि थबकले. मग त्यांनी ताटातली भाकरी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"ही कवा ठेवली?"

"होतीच. आता आणखी थोडं पुढे बघा. पट्टीच्या पलीकडे."

"लालच्या पुढं?" आप्पांचा आवाज चढला. "डोकं ठिकाणावर हाय का, बाई? लालला गाडी हुबी राहती. अख्ख्या नोकरीत एकदा वलांडली न्हाई मी. तुमी लाल लावता आन् वर म्हणता पुढं जा. कुणी शिकवलं तुमास्नी?"

गौतमीला आपली चूक कळली. बाकी कुणासाठीही लालच चालली असती. या माणसासाठी नाही. ती खाली वाकून पिशवीत हिरवी पट्टी शोधू लागली.

आप्पा भाकरी मोडत होते. मान पुन्हा उजवीकडे आली होती.

"पोरगी आली हाय," ते म्हणाले. आवाज खाली आणला नाही. "मला शिरूरला टाकायला. येती, तोंड दावती आन् नाहीशी हुती. मंगळवारपासनं एक डाव माझ्यापाशी बसली न्हाई. राग हाय तिला, ठाव हाय मला. मीबी लग्नाला गेलो न्हवतो. पर दोन घटका बसावं तरी माणसानं."

पिशवीतला गौतमीचा हात थांबला.

इवा हातभर अंतरावर बसली होती. मंगळवारपासून तीच खुर्ची, तीच जागा. टेबलावरची तिची बोटं सांडलेल्या आमटीच्या ओघळावर होती आणि तिला ते कळलेलं दिसत नव्हतं.

गौतमीने हिरवी पट्टी वर काढली आणि डोळ्यांनीच उजवीकडची रिकामी खुर्ची दाखवली.

"इकडे बसता का? इथे त्यांना दिसाल," ती हळू आवाजात म्हणाली.

"नाही." इवाने बोटं ओढणीला पुसली. "मी इथंच बसणार. दर वेळी मीच का उठायचं? बघायचं असेल तर बघतील. आणि ती हिरवी ठेवून द्या."

"कोण बोलतंय?" आप्पांनी गौतमीला विचारलं.

डाव्या बाजूलाच बसा, म्हणजे ते तिकडे बघायला शिकतील, हे आज ना उद्या गौतमीनेच इवाला सांगितलं असतं. तिने हिरवी पट्टी पिशवीत टाकली.

बाहेर रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला आणि विरला.

"सिग्नल, पप्पा," इवा म्हणाली.

आप्पांचा घास हातातच राहिला. मान वळू लागली. भाजीवरून, लिंबाच्या फोडीवरून नजर सरकत पट्टीपर्यंत आली.

"लाल," ते म्हणाले.

आप्पांचा अंगठा हातातल्या भाकरीच्या तुकड्यावर फिरत राहिला. कपाळावर फोटोतली आठी आली. मग त्यांची मान आणखी थोडी, पट्टीच्या पलीकडे वळली.

त्यांची नजर आपल्यापर्यंत पोचायच्या आत इवाने पायाने बॅग टेबलाखाली सारली.