डाव्या कोपऱ्यापर्यंतचा दम

मित्रांनो, घणसोली गावातल्या कबड्डीच्या मैदानाकडेला नायलॉनच्या दोरीने पाय बांधलेली एक जुनी, लाल, प्लॅस्टिकची खुर्ची दिसली, तर ती मी.

माझा जन्म महाप्याच्या एका कारखान्यातला. साच्यातून निघाले तेव्हा मी चांगली चकचकीत होते. गावच्या मंडळाने आम्हा बहिणींना एकगठ्ठा विकत घेतले आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात मंडळाचे नाव लिहिले. साखरपुडा असो की बारसे, पाहुणे आले की आधी आमची आठवण व्हायची. पुढे एका हळदीत नवरदेवाचे मामा माझ्यावर चढून नाचले. डीजेच्या दणदणाटात माझा मागचा पाय तडकल्याचे कोणाला ऐकूही आले नाही. दुसऱ्या दिवशी मला मैदानाच्या कडेला, भंगाराच्या ढिगावर टाकून दिले.

तिथूनच मी निशिगंधाचा खेळ पाहिला. ती गावच्या मुलींच्या संघातली चढाईपटू. ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम घुमवत ती समोरच्या संघात शिरायची आणि कोणाला तरी शिवून परत यायची. एका सामन्यात डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा पकडला. निशिगंधाचे अंग वळले, गुडघा वळला नाही. ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, “चालणं-फिरणं नीट होईल. कबड्डी मात्र विसरा.”

ती काठी टेकत मैदानावर आली तेव्हा बसायला माझ्याशिवाय काही नव्हते. तिची आई मालतीबाई सोबत होती.

“ही बसायच्या लायकीची नाय गो. खाली पारंल तुला.”

“मग बांध ना तिचा पाय. माझा बांधलाच आहे.”

मालतीबाईंनी घरून खाडीतल्या जाळ्याची दोरी आणली, बांबूची कामटी लावली आणि माझा पाय असा आवळला की आजवर गाठ सुटलेली नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी निशिगंधाला एक गोष्ट सांगितली होती. पाय तयार होईपर्यंत चढाई मनात करायची, पण खरी असल्यासारखी. म्हणून संध्याकाळी पायाचे व्यायाम आटोपले की ती माझ्यावर बसायची, डोळे मिटायची आणि दम घुमवायची. खेळणाऱ्या मुलींना गंमत वाटायची.

“निशी, खुर्ची आउट झाली का गं?”

“बोनस तरी घे, बसल्या बसल्या!”

ती हसून सोडून द्यायची. पण तिच्या मनातले मैदान मला कळत होते. उजवीकडे झुकली की उजवा कोपरा, मागे रेलली की माघार. डावीकडे झुकली, की तिचा गुडघा थरथरायचा आणि दम तुटायचा. रोज तिथेच. जिथे कोणी पकडायलाही नव्हते, तिथेसुद्धा ती पकडली जात होती. एकदा तिने ओढणीत तोंड लपवले आणि म्हणाली, “मनातही जमत नाही, तर पायाने काय जमणार?”

तिचे प्रशिक्षक हरेशदादा हे ऐकून माझ्यासमोर येऊन वाकले, अगदी डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूसारखे.

“डोळे मीट. चढाई कर. आता सांग, कोपऱ्यातल्या पोरीचा कुठला हात पुढे आहे?”

“दिसत नाही, दादा.”

“मग काय दिसतंय?”

“माझा गुडघा.”

“गुडघा काय पॉइंट देणार आहे तुला? तिचे हात बघ. आणि घाई कशाला? मनातच चाललीयस ना, सावकाश जा.”

त्या दिवसापासून ती सावकाश जाऊ लागली. आधी कोपऱ्यातल्या मुलीचे हात, मग खांदे, मग ती झेपावण्याआधी कशी टाचा उचलते ते. दम तुटत राहिला, पण थोडा पुढे जाऊन तुटू लागला. एका संध्याकाळी ती डावीकडे झुकली, गुडघा स्थिर राहिला, दम तसाच घुमत मध्यरेषेपर्यंत परत आला. मैदानावर कोणाला काही कळले नाही. मला कळले.

पाय मात्र मनाइतका लवकर ऐकत नव्हता. काठी सुटली, धावणे आले, आणि बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी स्वतःच आपला शब्द मागे घेतला.

गावच्या स्पर्धेत हरेशदादांनी तिला पुन्हा चढाईला पाठवले. मालतीबाई माझ्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझे हात असे घट्ट धरले, की मला वाटले आता दुसराही पाय जातो. निशिगंधा थेट डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिथल्या मुलीने टाचा उचलल्या. निशिगंधाने पाय मागे घेतला, हाताने तिचा खांदा शिवला आणि वळली. दम अखंड होता.

“नाय तुटला!” मालतीबाई उठून ओरडल्या.

सामना आपण हरलो, हेही सांगायला हवे. निशिगंधा धापा टाकत माझ्यावर येऊन बसली आणि दादांना म्हणाली, “पुढच्या वेळी मला जरा आधी पाठवा.”

यंदा मंडळाने नव्या खुर्च्या आणल्या. भंगारवाला मला उचलू लागला, तेव्हा खेळ थांबवून सगळ्या मुली धावून आल्या. ‘खुर्ची आउट’ म्हणणाऱ्या सर्वांत पुढे होत्या.

मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकण्याआधी एकदा दोरी बांधून पाहा. आणि दुखावलेले माणूस कुठे डोळे मिटून गप्प बसलेले दिसले, तर लगेच हाक मारू नका. ते कदाचित चढाईवर गेलेले असेल.