शिडाचा पडदा

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ताडपत्री नाही आणि सतरंजीही नाही. माझ्यावर काजूच्या बिया वाळत घालाव्यात असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी तर नीटच ऐकावं. मी एक जुना पडदा आहे. देवळासमोरच्या मोकळ्या मांडावर नाटक सुरू होताना वर जाणारा दर्शनी पडदा.

माझा जन्म मात्र पाण्यावरचा. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या आमच्या गावात लवू तांडेल होता. त्याच्या होडीचं मी शीड होतो. वारा भरला की मी फुगायचो आणि लवू सुकाणूवर बसून नाटकातली पदं म्हणायचा. सूर यथातथाच, पण आवाज असा की शेजारची होडी लांबून जायची. पुढे होडीला इंजिन आलं. लवूने मला टाकलं नाही. "माज्या शिडाक आता नाटकात काम देवा," असं म्हणून त्याने मला गावच्या हौशी मंडळींच्या हवाली केलं.

त्याच्या बायकोने, सुगंधाने, माझे पट्टे उसवून पुन्हा शिवले, रिठ्याच्या पाण्यात धुतले. सावंतवाडीच्या एका रंगाऱ्याने माझ्यावर राजवाडा, कमळांचं तळं आणि दोन मोर काढले. मासळीचा वास मात्र गेला नाही. पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "राजवाडो बरो आसा, पण राजाकडे आज बांगडे शिजतत!" राणी झालेला शंकर पदर तोंडात कोंबून हसत बसला.

ते माझे खरे दिवस. दर उत्सवाला एक जुनं संगीत नाटक व्हायचं, सगळ्या पदांसकट. मुंबईला नोकरी करणारे रजा काढून यायचे, येतानाच आपली नक्कल, म्हणजे उतरवून घेतलेले संवाद, पाठ करून. तिकीट नव्हतं. चटई आपली, नाटक गावाचं. आयांच्या मांडीवर पोरं असायची, आणि मी खाली असलो की माझ्या विरलेल्या जागेतून माझी नजर त्यांच्यावर: कोणाचं पोर बत्तीकडे सरकतंय, कोणाचं विहिरीकडे रांगतंय. दोरीवर लवू असायचा. शीड चढवावं तसा तो मला चढवायचा.

मग लवू गेला. मुंबईकरांना रजा मिळेनाशी झाली. मला देवळाच्या माळ्यावर टाकलं, तेही गुंडाळून नव्हे, घडी घालून! मोरांच्या मानेवर घडीची रेघ पडली. ती अजून आहे.

माळ्यावरून मला खाली आणलं नीरजाने. ती गावची सून, कोल्हापूरच्या कॉलेजात शिकलेली. पोरीच्या अंगावर माशी बसली तरी उठून बघणारी. तिची एकच इच्छा होती: लेकीने, दुर्गेने, एक तरी चांगलं जुनं नाटक समोर बसून पाहावं. वेंगुर्ल्यात मोठी नाटक कंपनी आली, तेव्हा महिन्याच्या खर्चाला कात्री लावून ती एस.टी.ने पोरीला घेऊन गेली. जागा मिळाली ती कनातीला टेकून. लाऊडस्पीकर खरखरत होता. कंपनीला पुढचा प्रयोग गाठायचा होता, म्हणून निम्मी पदं गाळली. शेवटचा पडदा पडला आणि दुर्गेने विचारलं, "आई, नाटक कधी सुरू होणार?"

त्या प्रश्नाने नीरजा पेटली. घरी येऊन ती थेट सुगंधेकडे गेली आणि म्हणाली, "आत्ये, आपलो पडदो खंय आसा?"

मला उलगडल्यावर सुगंधा माझ्या शिवणीवरून बोटं फिरवत राहिली. "उंदरान मोराचो पाय खाल्ल्यान गो," ती म्हणाली. "जावंदे. मोर नाचाक नाय, उभो ऱ्हवाक व्हयो."

पण उत्सव समितीचे अध्यक्ष भाई यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. नाटक आता कायमचं बंद, यंदा व्हिडिओ. आणि मी? मी त्यांच्या काजूच्या बागेत जाणार होतो. उत्सवाआधी देवाला गाऱ्हाणं घालायला गाव देवळात जमला, त्या सकाळी मला गुंडाळून सभामंडपात आणून ठेवलं होतं. भाईंचा गडी उचलायला आला आणि नीरजा सरळ माझ्यावर बसली.

"वयनी, उठा," भाई म्हणाले. "माका काजी वाळत घालूच्यो आसत."

"गाऱ्हाणा होवंदे. मग बघूया."

"नाटक बघता कोण आता? आणि करतला कोण? तुमी?"

"व्हय. मी, भजनातली विमलाबाई, शंकर. तुमी येवा, द्वारपाल कमी पडता."

बायका खुदखुदल्या. भाईंचे कान लाल झाले.

इतक्यात गुरुदास देवासमोर उभा राहिला. गावाचं गाऱ्हाणं तोच घालतो. तो देवाशी बोलतो आणि प्रत्येक मागण्यावर गाव एका तोंडाने होकार देतो.

"बा देवा म्हाराजा! तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयक गेल्ल्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पयल्यासारखा यंदा तुज्या मांडार जा नाटक होतला, ता निर्विघ्न पार पाडून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज भाईंचा होता. होकाराची वर्षानुवर्षांची सवय! शब्द हवेत गेले आणि सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

नीरजा माझ्यावरून उठली. "भाई, देवाक तुमी आताच काय सांगितलात?"

"ता... तोंडातसून गेला."

"तोंडातसून गेला, पण देवाच्या कानात गेला मा?" गुरुदास म्हणाला. "आता देवाकडसून परत आणूचा कसा, ता तुमीच सांगा. माका तरी येना नाय."

भाई वळले. चपला घालून निघून गेले, आणि स्वतःचा लाऊडस्पीकर व बत्त्या घेऊन गेले. "करा तर करा तुमचा नाटक!"

मग ते केलं! बत्त्या नव्हत्या, म्हणून भर दुपारी. लाऊडस्पीकर नव्हता, म्हणून लोक चटया ओढत पुढे सरकले. समुद्रावरून वारा सुटला आणि मी असा फुगलो, की बांबू कडकडले. शंकर ओरडला, "फाटतलो तो!" तेव्हा सुगंधा पुढे झाली. तिने लवूची दोरी हातात घेतली, पाय रोवले आणि कोळणींना हाक मारली, "खालची दोरी धरा गो! शीड आसा ता, वाऱ्याक भियाचा नाय!" मी वर गेलो. विमलाबाईंनी राणीचं एकही पद गाळलं नाही. दुर्गा अगदी पुढे बसली होती. शेवटी मी खाली उतरलो, तर तिने माझी कड मुठीत धरली. "आई, परत वर ओढायला सांग ना!" नीरजा तिला उचलायला वाकली आणि तशीच, माझ्या कडेपाशी, तिच्याजवळ बसून राहिली.

पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याआधी गुरुदासने भाईंना मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "ह्या वर्सा काय सांगू देवाक?"

भाईंनी छताकडे पाहिलं. "नेहमीचाच सांग मेल्या."

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, चित्र बाहेरच्या बाजूला. उंदरांपासून जपा. पण नुसतं जपून ठेवणार असाल, तर राहू द्या. चांगलं नाटक लांबच्या गावी महाग मिळतं म्हणून हळहळत बसू नका. गावात एखादा पडदा पडलेला असेल, तो शोधा, ठिगळ लावा आणि दोरी ओढा. माझ्यात वारा अजून मावतो.

काजूच्या बिया भाईंनी गोणपाटावर वाळवाव्यात.