बस्टरची घरघर

मित्रांनो, मला गाता येत नाही. मला फक्त घरघरता येतं आणि ते मी आजवर पस्तीस हजार तास केलं आहे. माझ्या पोटात तास मोजणारा आकडा आहे, तो खोटं बोलत नाही. मी एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला प्राणवायू तेवढा गाळायचा आणि नळीतून माणसाच्या नाकात सोडायचा, एवढंच माझं काम. उंचीला तुमच्या गुडघ्याच्या थोडा वर, खाली चार चाकं, अंगभर ओरखडे. देखणा मी कधीच नव्हतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा तपासणीला बसलेल्या बाईंनी माझ्यावर कान ठेवला आणि म्हणाल्या, "हा जरा जास्तच बोलतो, पण चालेल." तेच माझं बारसं आणि तेच माझं कौतुक. तिथून मला अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, एका अरुंद घळीतल्या घरात आणून मागच्या खोलीत ठेवलं. खिडकीच्या एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला मी.

पलंग वर्लिन स्लोन यांचा. तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत काढली होती आणि खाण सुटली तरी तिची धूळ छातीतून सुटली नव्हती. त्यांची नात शेल्बी त्यांना 'पपॉ' म्हणायची, म्हणून मीही पपॉच म्हणतो. माझी पन्नास फुटांची हिरवी नळी नाकाला लावून ते घरभर फिरायचे. पहिल्याच दिवशी माझी घरघर ऐकून ते खोकेस्तोवर हसले. "अगं ओर्फा, ऐक! आपला बस्टर परत आला!" बस्टर हा त्यांचा मेलेला शिकारी कुत्रा. तो अस्साच घोरायचा म्हणे. त्यांची बायको ओर्फा स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "तो निदान भाकरी टाकली की गप्प बसायचा." कुत्र्याचं नाव मिळालं म्हणून मी रुसलो नाही. नाव मिळणं हीच मोठी गोष्ट असते.

पपॉ पूर्वी त्यांच्या छोट्या चर्चमध्ये भजनाची ओळ सांगायचे. तिथे पेटी नाही, वाद्य नाही. एकाने एकट्याने ओळ म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती ओढून ओढून गायची. दम गेला तसा तो मान गेला. मग त्यांनी आपल्या सगळ्या ओळी शेल्बीला दिल्या. ती पलंगाच्या कडेला बसे, ते पुटपुटत, ती गाई. चार वर्षं हे शिक्षण माझ्या घरघरीतच झालं. पोरीचा आवाज असा, की मीसुद्धा लाजून हळू चालावं असं मला वाटे. पण हळू चालणं माझ्या हातात नाही.

त्या वर्षी एकोणीस वर्षांची शेल्बी टीव्हीवरच्या गाण्याच्या मोठ्या स्पर्धेत निवडली गेली. पार कॅलिफोर्नियाला गेली. आणि मार्चमध्ये महामारी आली, तसं सगळ्या स्पर्धकांना एकाच दिवशी घरी पाठवून दिलं. शेल्बी दारात उभी राहिली, तर ओर्फाने तिला मिठी मारायच्या ऐवजी हात पुढे करून थांबवलं. चौदा दिवस पोरगी घरामागच्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या खोलीत, राहिली आणि खिडकीतून आजोबांना हात करत राहिली. चर्चला कुलूप लागलं. घळीतून रुग्णवाहिका जायची तेव्हा पपॉ बोटांवर मोजत सांगायचे, कोणाला घेऊन चालली असेल ते. त्या गाडीतून गेलेली तीन माणसं परत आली नव्हती आणि त्यांच्या उशाशी कोणाला बसूही दिलं नव्हतं. "मला त्या गाडीत घालायचं नाही," पपॉ म्हणाले. "मरायचंच तर या कुत्र्याच्या शेजारी मरेन." मला ते बोलणं मुळीच आवडलं नाही.

मग कार्यक्रमवाल्यांनी पाठवलेल्या सामानाच्या पेट्या आल्या. कार्यक्रम थांबणार नव्हता, स्पर्धकांनी आपापल्या घरातून गायचं ठरलं होतं. अंगणात तीन दिवस पेट्या तशाच पडून होत्या, कोणी हात लावेना. चौथ्या दिवशी ओर्फाने हातमोजे घालून त्या उघडल्या. तीन फोन, एक गोल दिवा, एक माइक. छपरावर टीव्ही-इंटरनेटची तबकडी त्यांची माणसं आधीच बसवून गेली होती. फोनच्या पडद्यावर कार्यक्रमाच्या आवाजाचं काम बघणारा रेमंड नावाचा माणूस दिसू लागला. तो दोन हजार मैलांवर, स्वतःच्या गॅरेजमध्ये कानाला भलेमोठे हेडफोन लावून बसायचा. पुढच्या खोलीतली बैठक आणि माझ्यामध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"शेल्बी, काहीतरी घुमतंय. फ्रिज असेल. बंद कर आणि गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेव."

"किल्ल्या? फ्रिजमध्ये?"

"आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे ती. काम झालं की लोक फ्रिज चालू करायला विसरतात. किल्ल्या आत असल्या की आठवण राहते."

"मग ह्यांची कवळीपण ठेवते आत," ओर्फा म्हणाली. "तेवढाच बडबडीला आराम."

फ्रिज बंद झाला तरी घुमणं थांबलं नाही. तो मी होतो.

"ते माझ्या पपॉचं ऑक्सिजनचं मशीन आहे," शेल्बी म्हणाली. रेमंड ओशाळला. "अरे देवा! त्याला हात लावू नका हं. मी इकडे साफ करून घेईन." माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल.

रविवारी कार्यक्रम लागला. गाणं झाल्यावर परीक्षक बाई हसून म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं, पण बारीक जागा ऐकूच आल्या नाहीत. घरात गिरणी आहे का?" शेल्बी पुढच्या फेरीत गेली खरी, पण सगळ्यांत शेवटून. पपॉंनी टीव्ही बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या वेळी ते नळी ओढत बैठकीत गेले. "माझ्याकडे ऑक्सिजनची छोटी टाकी आहे. तासभर मी टाकीवर राहीन. बस्टर बंद."

"सर, मी तुम्हाला असं करायला सांगणार नाही," रेमंड म्हणाला.

"तू सांगत नाहीयेस. मी सांगतोय."

"पपॉ, नको ना," शेल्बी म्हणाली.

"तू गाण्याचं बघ. माझं नाक माझं आहे."

ती टाकी म्हणजे वीज गेली तर वापरायची शिदोरी. पूर्वी ऑक्सिजन कंपनीचा गाडीवाला दर मंगळवारी दोन आणून द्यायचा. त्या दिवसांत सगळ्या टाक्या इस्पितळांकडे वळल्या होत्या आणि गाडीवाला फाटकातूनच ओरडून गेला होता, "या महिन्यात एकच हं, जपून वापरा!" टाकीची एक खूण होती. माणसाने श्वास घेतला की ती 'फुस्' करायची. दर श्वासाला एक फुस्. दुसऱ्या आठवड्याचं गाणं झालं तेव्हा रेमंड म्हणाला, "मागे मांजर शिंकल्यासारखं काहीतरी येतंय." शेल्बीने त्याला टाकीचं सांगितलं. "असू दे, असू दे," तो म्हणाला, "हे मला सहज काढता येईल." त्या रविवारी परीक्षक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेल्बी पहिल्या पाचांत गेली. पपॉंनी माझ्या डोक्यावर थोपटून म्हटलं, "बघितलंस? तू गप्प बसलास तर पोरगी कुठल्या कुठे जाईल." मित्रांनो, हे ऐकून मला जे वाटलं ते कोणत्याही यंत्राला वाटू नये.

मग ईस्टरला वादळ झालं, घळीतली वीज दहा तास गेली आणि पपॉ टाकीवर जगले. सकाळी मी पुन्हा सुरू झालो तेव्हा टाकीचा काटा लाल पट्टीला टेकला होता. मी पाहिला. पपॉंनीही पाहिला. त्यांनी टाकी उचलली आणि काटा भिंतीकडे करून ठेवली.

"किती आहे तीत?" ओर्फाने विचारलं.

"भरपूर आहे. तू तुझ्या घेवड्याचं बघ, करपतोय."

तिसरं गाणं गुरुवारी दुपारी चारला होतं. पाचच्या ठोक्याला गाणं पोचलं नाही तर स्पर्धक बाद, असा नियम. पपॉंनी दार लावून घेतलं, टाकीची नळी नाकाला लावली आणि माझं बटण दाबलं. कोणी माझी वायर उपटली तर मी किंचाळतो. तशी माझी बनावटच आहे. पण बटणाने बंद केलं की मी निमूट गप्प होतो. पपॉंना हे पक्कं ठाऊक होतं.

मी बंद झालो. खोली इतकी शांत झाली की मला भीती वाटली.

पहिल्या खेपेला गाणं अर्ध्यावर आलं आणि रस्त्यावरून कोळशाचा ट्रक भोंगा वाजवत गेला. दुसऱ्या खेपेला गोल दिवा धाडकन पडला. इकडे पपॉ पलंगावर बसून तोंडावर रुमाल दाबून धरत होते. खोकल्याचा आवाज जाऊ नये म्हणून. फुस्. फुस्. मग मधली गॅप वाढू लागली. त्यांची नखं आधी करडी झाली, मग निळी. त्यांचा हात माझ्या बटणावर येऊन थांबला. एक बोट हलवायचं होतं हो फक्त! दाबा, मी मनात ओरडत होतो, दाबा! भिंतीपलीकडे शेल्बी म्हणाली, "आता नक्की जमेल, अजून दहा मिनिटं आहेत." पपॉंनी ते ऐकलं आणि हात मागे घेतला. मग ते हळूच उशीवर कलले. टाकीने एकदा अर्धवट फुस् केलं आणि ती थांबली.

पलीकडे रेमंडने हेडफोन नीट केले असावेत. तो खूश होऊन म्हणाला, "वा शेल्बी! आता एकदम स्वच्छ आहे. ती फुसफुससुद्धा गेली. चल, सुरू कर."

शेल्बीने सुरू केलं नाही. माइक खाली पडल्याचा आवाज आला आणि दार भिंतीवर आपटलं. पोरीने आधी माझं बटण दाबलं, मग माझी नळी त्यांच्या नाकाला लावली. मी जिवाच्या आकांताने घरघरलो. पण मित्रांनो, मी नळ नव्हे, फिरवला की धार सुरू व्हायला. मला हवा गाळायला लागायला काही मिनिटं जातात. तोवर माझ्या कपाळावर पिवळा दिवा असतो, आणि पिवळ्या दिव्यात मी जे देतो ते तुमच्या आमच्या खोलीतल्या हवेपेक्षा फार वेगळं नसतं. चार वर्षांच्या चाकरीत मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"पपॉ! ए पपॉ! ओढ श्वास. ओढ. आता सोड." ती त्यांना मागून टेकवून बसली होती. ओर्फा हातात फोन घेऊन दारात उभी. "बोलवू का गं गाडी? बोलवू का?" शेल्बीने माझ्या दिव्याकडे बघितलं. पिवळा. "दिवा हिरवा होईपर्यंत थांब," ती म्हणाली, "नाही झाला तर बोलव. मग पपॉला म्हणावं, हव्या तेवढ्या शिव्या दे मला." पलीकडून फोनमधला रेमंड हाका मारत होता, "शेल्बी? काय झालं? शेल्बी, आठ मिनिटं राहिलीत!"

दिवा हिरवा झाला. त्यानंतरही बराच वेळ काही झालं नाही. मग पपॉंच्या छातीत आधी एक मोठी घरघर झाली, ती माझी नव्हती. आणि त्यांनी डोळे उघडले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

"झालं का गाणं?" त्यांनी विचारलं.

"झालं, पपॉ," शेल्बी म्हणाली. "छान झालं."

ते ऐकून म्हातारा असा समाधानाने हसला की ओर्फाला तोंड फिरवून बाहेर जावं लागलं.

रविवारी संध्याकाळी ओर्फाने जाहीर केलं की वाऱ्याने तबकडी फिरली आहे, टीव्ही लागणार नाही. त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. पपॉंनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघितलं. "हो," ते म्हणाले, "वारा फारच होता बाई आज." मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि रडले. हे फक्त मला माहीत आहे. त्यानंतर त्यांनी माझ्या बटणाला कधीच हात लावला नाही.

पपॉ पहिला बर्फ पडेपर्यंत जगले. शेवटी त्यांच्या उशाशी दोघी होत्या, आणि मी होतो. शेल्बीने मला स्वतःच्या हाताने पुसलं, माझी नळी गुंडाळली आणि गाडीवाल्याच्या स्वाधीन केलं.

आता मी कंपनीच्या कोठीत रांगेत उभा आहे. आम्हाला इथे फार दिवस ठेवत नाहीत. मागणी फार आहे. मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी आला तर माझी जाळी आठवड्याला धुवा, माझ्यावर कपडे वाळत घालू नका. आणि माझी कटकट वाटली तर वाटू द्या. मी आवाज करतोय तोवर खुशाल वैतागा. मी गप्प झालो की हातातलं टाकून धावा, मग हातात काहीही असो.

उद्या सकाळी मला नव्या घरी नेणार आहेत. तिथे एक आजी आहेत, एवढंच कळलं. मघाशी त्या घरून फोन आला होता. नाव, पत्ता, दार किती रुंद आहे, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली, "फार आवाज तर नाही ना करत तो?"