चढावर टॉप गिअर

मेहुण्याने किल्ली फिरवली न फिरवली तोच दाजींच्या पिकअपचं इंजिन धडधडू लागलं, आणि त्याचं तोंड कडू झालं. बावीस वर्षांची डिझेल गाडी. त्याची स्वतःची जेमतेम दोन वर्षांची, पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून तिसऱ्यांदा वर्कशॉपमध्ये पडली होती.

दाजींची कंबर धरली होती. फरश्यांच्या दोन फेऱ्या मात्र आज पोचवायच्याच होत्या.

“जपून ने,” ताई दारातून म्हणाली. “तशी ती दगा देत नाही म्हणा.”

हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

भरल्या गाडीला चढावर गिअर उतरवावा लागतो, हे त्याला सांगायला नको होतं. तरी त्याने टॉप सोडला नाही. पाय दाबून धरला. इंजिन गुरगुरलं, थरथरलं, मागे काळा धूर सुटला. पडू दे एकदा बंद, एकदाच, असं त्याच्या मनात आलं. गाडी रडतखडत वर पोचली. तापमानाचा काटा मध्यावर आला आणि तिथेच बसून राहिला.

परत आल्यावर त्याने गाडी थोडी निवू दिली आणि बॉनेट उघडलं. निदान कुठे गळती तरी सापडेल. ऑइलची पट्टी पुसून बुडवली, बाहेर काढली. फक्त टोक ओलं होतं.

असंच निघावं. अजून एक चढ, की इंजिन जाम. त्याला कोणी बोल लावला नसता. पट्टी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला.

“दाजी,” शेवटी तो म्हणाला, “ऑइल कुठे आहे?”

“सीटखाली.” खिडकीतून उत्तर लगेच आलं. दाजी पाठीला उशा लावून त्याच्याकडेच बघत होते.

डबा फडक्यात गुंडाळलेला होता. शेजारी नरसाळं.

“किती लागलं?”

“लिटरभर. ही तर ऑइल पिते, दाजी.”

“तीन वर्षं झाली. रोज सकाळी तुझी ताई उठायच्या आत टाकतो. आज कमरेमुळे राहिलं.” दाजींनी आवाज उतरवला. “गाडी सुरू होईपर्यंत चहा घशाखाली उतरत नाही बघ. तुझं बरंय, बिघडली तर दिवा तरी लागतो. ताईला सांगू नकोस हं.”

त्याने डबा होता तसा गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या फेरीला चढ लागायच्या आधीच त्याने गिअर उतरवला, काच खाली केली, आणि वर पोचेपर्यंत इंजिनाकडे कान लावून बसला.