भरलेला गाल

धोंडीरामनानांचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. घोटीहून चतुराआत्या आल्या, त्या तांदळाची पिशवी आणि पिशवीहून जड अशी स्वतःची मतं घेऊनच. संतोषने कागदात गुंडाळलेली फ्रेम सोफ्याला टेकवून ठेवली आणि कागद फाडला.

"अगं बया! आता कसा माझा भाऊ दिसतो," आत्या म्हणाल्या. "लय भारी काम केलं रं त्यानं!"

योगिनीने पाहिलं. फोटो तिनेच काढलेला होता, वडिलांच्या शेवटच्या दिवाळीत, मोबाईलवर. नाना हसत होते. पण आता त्यांच्या अंगात निळा कोट होता, टकलावर दाट केस उगवले होते आणि डावा गाल उजव्यासारखाच गच्च भरला होता.

"दादा, गाल कुणी भरला?"

"स्टुडिओवाल्याने. म्हणाला, साहेब, केसांचं सांगितलंत, गाल माझ्याकडून."

नानांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा योगिनी चार वर्षांची होती, संतोष कॉलेजात. डॉक्टरांनी जबड्याची डावी बाजू घेतली आणि बदल्यात अठरा वर्षं दिली. सौदा वाईट नव्हता, असं नाना स्वतःच सांगायचे. फक्त ते काय सांगतायत हे योगिनीवाचून फारसं कुणाला कळायचं नाही. शाळा सुटली की ती भांडीबाजारातल्या दुकानात त्यांच्याशेजारी बसायची आणि त्यांचं बोलणं गिऱ्हाइकाच्या कानावर घालायची. "नाना म्हणतात, हा हंडा तुमच्या नातवालाही पुरेल." गिऱ्हाईक हंडा घ्यायचं. नाना मागून आणखी काहीतरी पुटपुटायचे, ते मात्र ती गिळून टाकायची, कारण ते बहुतेक गिऱ्हाइकाच्या मिशीबद्दल असायचं. मधे आजार उलटला, तेव्हा केमो घेऊन नाना थेट तिच्या गॅदरिंगला आले आणि पहिल्या रांगेत बसून, तिचा नाच संपायच्या आधीच टाळ्या वाजवून मोकळे झाले.

नातेवाइकांची योगिनीने तेव्हाच दोन खाती पाडली होती. एक, नानांच्या तोंडाकडे बघून बोलणारे. दुसरे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलणारे. आत्या दुसऱ्या खात्यातल्या. घोटीला परत जाईपर्यंत पुढच्या सगळ्या चतुर्थ्या त्यांना पाठ असायच्या. संतोषला कुठे टाकावं हे तिला कधीच ठरवता आलं नाही. तो नानांशी बोलायचाच निघता निघता, खाली वाकून, चपला घालताना.

"हे नाना नाहीत," ती म्हणाली.

"मग कोण आहेत?"

"मला काय विचारतोस? हे गृहस्थ माझ्याशी कधी बोललेले नाहीत."

"काय पोरगी हाय!" आत्या कडाडल्या. "मेल्यावर तरी त्याला नीट दिसू दे की. भिंतीवर बी लोकांनी ते वाकडं तोंडच बघायचं का?"

"माझ्या वाट्याला वाकडंच आलं, आत्या. सरळ मला आठवतसुद्धा नाही. वाकडंही काढून घेतलंत तर माझ्याकडे काय उरलं?"

"आणि माझ्याकडे?" संतोषचा आवाज चढला. "मला सायकलच्या दांड्यावर बसवून गंगेवर पोहायला न्यायचे. अख्खा रस्ता शीळ घालत. दोन्ही गालांनी. तू ऐकलीस कधी त्यांची शीळ?"

योगिनीने फ्रेममधल्या ओठांकडे पाहिलं. नाना शीळ घालायचे? एवढी मोठी जमा आजवर तिला कुणी दाखवलीच नव्हती.

निकाल आईकडे गेला. कणकेचे हात तसेच घेऊन लंकाबाई बाहेर आली, फ्रेमसमोर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"संतोष, तुझ्या नानांना मिशी होती आन् पुढच्या दातांत फट होती. योगे, तुझ्या नानांना गाल नव्हता. मी त्या दोघांबरोबर संसार केलाय." तिने कोपराने कोटाकडे बोट केल्यासारखं केलं. "हा तिसरा कोण आणलात रे घरात?"

आत्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग तोच पदर त्यांना डोळ्यांना लावावा लागला. संतोषने फ्रेम उचलली. "चल," तो योगिनीला म्हणाला.

"गाल काढायचा?" स्टुडिओवाला चकित झाला. "ताई, आजवर सगळे भरायलाच आले."

त्याने कॉम्प्युटरवर एकेक थर उतरवायला घेतला. कोट गेला, खालून नानांचा चुरगळलेला सदरा निघाला. केस गेले. मग माऊसवरचा हात थांबवून तो संतोषकडे वळला. "साहेब, गाल तरी राहू द्या. निदान थोडा?"

संतोष पडद्याकडे बघत होता आणि योगिनी संतोषकडे. त्याची नजर हलली नाही.

"काढा."

डावी बाजू आत बसली, ओठ तिकडे ओढला गेला, आणि सगळं हसू उजवीकडे गोळा झालं.

"अरे बापरे," स्टुडिओवाला हळूच म्हणाला. "काय झालं होतं हो यांना?"

जन्माच्या सवयीने योगिनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"कुठे काय," संतोष म्हणाला. "हसतायत."