डोहावरची तरती आई

पहिल्या दिवशी डोहावर इतकी माणसं लोटली की भीमा नदीला वाटलं असेल, आपल्याला पूर आला आणि आपल्यालाच कसं कळलं नाही. चौऱ्याहत्तर सालचा चैत्र होता. नदी आटून ठिकठिकाणी वाळू उघडी पडलेली, आमच्या गावाखालचा डोह तेवढा काळा आणि खोल. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. माणसं दोन्हीकडून आली. भांडगावाहून तर एक अख्खा ट्रक भरून आला. एकूण किती होती ते मी सांगत नाही, कारण मी आकडा सांगितला की गाव त्याला चारानं भागतं.

छातीभर पाण्यात पाषाणनाथ महाराज उभा होता. कपाळभर भस्म, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोळ्यांत काजळ. दोन्ही हातांवर लहान कळशीएवढी दगडाची देवी. अंगावर बोटभर जाडीचा शेंदूर आणि चांदीचे डोळे.

"ही पाषाणाची आई हाय," तो म्हणाला. "सात समुद्र तरून आली. इंग्रजानं हिच्यावर तोफ डागली, तर गोळा माघारी फिरून त्याच्याच तंबूत पडला. खऱ्याला तारती, खोट्याला गिळती."

इंग्रज मीही गप्पांत पुष्कळ पळवलेत, पण तोफेचा गोळा माघारी फिरवायचं धाडस मला कधी झालं नव्हतं. तेव्हाच मी ओळखलं की हा आपल्याच धंद्यातला माणूस आहे.

मग त्यानं हात काढून घेतले, आणि आई तरंगली. निम्मी पाण्यात, निम्मी वर, चांदीचे डोळे आमच्याकडं लावून. तापल्या वाळूत सगळं गाव पालथं पडलं. आमच्या गावच्या गेणबाच्या पोटाला फोड आले, ते तो पुढं आठ दिवस प्रसाद म्हणून दाखवत फिरला. आईला हात मात्र कुणी लावायचा नव्हता. लावला तर अंगावर कोड फुटेल, असं महाराजानं आधीच बजावलं होतं. पाण्यातून काढली की महाराजाचा शिष्य चादर धरायचा, चादरीआड पूजा व्हायची आणि आई टोपल्यात घालून त्यांच्या बैलगाडीत ठेवली जायची.

तिसऱ्या दिवसापासून न्याय सुरू झाला.

कुणाच्या तरी विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा चोरीला गेला होता आणि संशय गावातल्याच खंडूवर होता. महाराजानं खंडूचं नाव घेऊन आईला पाण्यात सोडलं. ती दगडासारखी तळाला गेली. शिष्यानं बुडी मारून वर काढेपर्यंत लोक खंडूवर पडले होते. आधी लाथा, मग काठ्या. त्याचा उजवा हात खडकावर धरून वरून पहार घातली, तेव्हा वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. दोन दात वाळूत पडले. मी मारलं नाही. पण हात बांधून उभा राहिलो होतो, हेही लिहिलं पाहिजे. चार दिवसांनी तो पट्टा मालकाच्याच कडब्याखाली सापडला. महाराज म्हणाला, आईच्या धाकानं चोरानं परत आणून ठेवला. खंडूला तेव्हा साधा घासही उचलता येत नव्हता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आठव्या दिवशी साहेबरावाचा नातू गेला. साहेबराव म्हणजे गावातलं मोठं घर, आणि नातू अडीच वर्षांचा, एकुलता एक. पहाटेपासून जुलाब आणि उलट्या, दुपारी पोर थंड. साहेबराव त्याला पुरून आला तो घरी गेलाच नाही. अंगावरच्या मातीनिशी तो महाराजासमोर येऊन बसला आणि एवढंच विचारलं, कुणी केलं.

महाराजानं डोळे मिटले. आई सांगते म्हणाला. घराच्या उगवतीला राहणारी, कपाळ पांढरं असलेली, पोराला कडेवर घेणारी.

साहेबरावाच्या घराच्या उगवतीला एकच घर होतं. साखरबाईचं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीतलं प्रत्येक पोर तिच्या कडेवर वाढलेलं. ते गेलेलं पोर तर तिच्याच हातची भाकरी मागायचं.

तिला घरातून केसांना धरून ओढत आणलं. पाऊण मैलाची वाट. ओल्या चिंचेचे फोक, वहाणा, शेण, ज्याला जे सापडलं ते. लुगडं फाटलं, पाठीवर वळ उठून त्यातून रक्त पाझरायला लागलं. कुणीतरी दगड मारला, तो डाव्या डोळ्यावर बसला. मारणाऱ्यांत बाया होत्या. अनसाबाईनं, जी दुष्काळी कामावर चौदा महिने साखरबाईशेजारी बसून खडी फोडत होती, तिनंही वहाण फेकली. मी पाहिली.

डोहावर एक खडक पाण्यात पुढं आलेला आहे. तिथं महाराजानं निकाल सांगितला. आईला हिच्या कमरेला बांधायचं आणि हिला ढकलायचं. खरी असेल तर आई हिला घेऊन वर येईल.

मी पुढं झालो. म्हणालो, हा थापाड्या आहे, थापाड्याला थापाड्या ओळखतो, बाईला सोडा.

गेणबा माझ्याकडं वळला. त्याच्या हातातल्या फोकाला रक्त होतं. "आप्पा, परवा तर तुम्ही मगरीला शेपटीला धरून शिरूरच्या बाजारात नेली व्हती. तिचं काय झालं?"

आणि लोक हसले. बाई खाली रक्तात पडलेली, आणि लोक हसले. उभ्या जन्मात मी गावाला एकच खरी गोष्ट सांगितली, आणि ती अशा वेळी सांगितली. मला कुणीतरी कोपरानं बाजूला ढकललं.

महाराजानं चादरीआडून आई आणली. गुडघे वाकवून, दात आवळून, हुंकार देत आणली. शिष्यानं काथ्याच्या दोरानं ती साखरबाईच्या कमरेला बांधली. ओझं पडलं तशी ती बसल्याजागी पुढं झुकली. तिनं हातानं ते चाचपलं. मग बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक केलं, कान लावला, आणि तोंडातलं रक्त थुंकून मान वर केली.

"साहेबराव मामा," ती म्हणाली, "कमरेला बांधलाय त्यो दगड हाय. चौदा महिने दगडच फोडलाय मी, मला कळतो. मणाचं वझं हाय हे. पहिल्या दिशी बाबानं आईला कशी उचलली व्हती, आठवा. कणसाची पाटी उचलावी तशी. ती आई येगळी हाय. ती टोपल्यात हाय."

"आई एकच हाय," महाराज म्हणाला. "चेटकीण बोलाय लागली. ढकला हिला."

दोघंतिघं पुढं झाले. साखरबाईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती बायांच्या घोळक्याकडं बघत होती.

"अनसे, मला वहाण मारलीस ती मारलीस. आता टोपलं उचल. तुझ्या हाताला तरी खोटं कळंल."

अनसाबाई जागची हलली. का हलली, हे मी तिला पुढं कितीदा विचारलं, तिला सांगता आलं नाही. ती सरळ गाडीकडं गेली. शिष्यानं आडवी काठी तिच्या तोंडावर हाणली. नाकातून रक्ताची धार लागली. ती थांबली नाही. तिनं त्याच्या कमरेखाली एक लाथ घातली, तो चाकाशी वेटोळा झाला. तिनं टोपल्यावरचं कापड ओढलं. आत दुसरी आई होती. तोच शेंदूर, तेच चांदीचे डोळे. अनसाबाईनं ती एका हातानं उचलली आणि डोक्याच्या वर धरली.

सगळा घोळका पुढं सरकला. त्या घोळक्यात तीसेक बाया अशा होत्या की ज्यांनी आदल्या साली उन्हातान्हात दगड वाहिले होते. एवढा दगड एका हातानं उचलणारी बाई तालुक्यात नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

अनसाबाईनं ती आई खडकावर आपटली. दगडावर दगड पडला की टणकन वाजतो. ही डब्‌ वाजली आणि चेंडूसारखी उसळली.

साहेबरावानं आपल्या गाडीची कुऱ्हाड काढली. मला वाटलं, बाई गेली आता. पण तो आईकडं गेला आणि दोन्ही हातांनी घाव घातला. कुऱ्हाड आत रुतून बसली. त्यानं ती हिसकून काढली तसा शेंदराचा वीतभर पोपडा निघाला. खाली फिकट, पोकळ वाटावं असं मऊ लाकूड.

हरिबा भोई वाकला, नख खुपसून पाहिलं. "सावर हाय ही," तो म्हणाला.

सावर. अंगभर काटे, फाल्गुनात तांबडी फुलं, उन्हाळ्यात कापूस. त्या कापसाच्या उशा आमच्या घराघरांत. कोवळ्या कळ्यांची भाजी आम्ही खातो, वाळलेलं लाकूड हलकं म्हणून आगपेटीच्या काड्या त्याच्या करतात. हरिबाच्या जाळ्याला याच लाकडाचे तुकडे बांधलेले असायचे, जाळं वर राहावं म्हणून. आणि त्या खडकावर उभ्या असलेल्या एकेका बाप्यानं लहानपणी याच डोहात, सावरीचा ओंडका पाठीला बांधून, पोहायचं शिकून घेतलं होतं. महाराजानं एक ओंडका आणि एक दगड घेतला, दोन्ही एकाच आकाराचे घडवले, दोन्हीवर बोटभर शेंदूर चढवला. तरायची असली की ओंडका, बुडायची असली की दगड, आणि अदलाबदल चादरीआड. एवढीच विद्या. जो ओंडका पाठीवर घेऊन गाव तरंगायला शिकलं, त्यालाच रंग दिल्यावर गाव पालथं पडलं.

आता तुम्हाला वाटेल, गाव शहाणं झालं. छे. गावानं फक्त तोंड महाराजाकडं फिरवलं.

साखरबाईच्या कमरेचा दोर कापला तो तिच्यासाठी नाही, महाराजाला बांधायला. मघाचेच फोक, मघाच्याच वहाणा. त्याच्या माळा तुटून कवड्या उधळल्या, कान फाटला, एक माणूस त्याच्या बोटांवर टाचेनं नाचत होता. शिष्य अनवाणी दौंडच्या दिशेनं पळाला. साहेबराव दगड उचलून आणत होता, महाराजाच्या गळ्यात अडकवायला, पण त्या रेटारेटीत, दोर बांधायच्या आधीच, महाराज खडकावरून डोहात गेला.

त्याला पोहता येत नव्हतं. पाण्यावर जगणारा माणूस, आणि पोहता येत नव्हतं. एकदा वर आला, गेला. दुसऱ्यांदा नुसते हात वर आले. काठावर हजारभर माणूस, निम्मे पट्टीचे पोहणारे, आणि एकही हलला नाही. मीही नाही.

साखरबाई उठली नाही, उठता येत नव्हतं. ती बसल्याजागी सरकत सरकत गेली आणि तिनं कुऱ्हाडीचा घाव बसलेली ती आई पायानं पाण्यात लोटली. ओंडका त्या हातांपाशी गेला. हातांनी तो कवटाळला. महाराजाचं डोकं वर आलं, खोकत, ओकत, रडत.

"बघा," साखरबाई म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेला. "एवढ्या खोट्या माणसालाबी तारलं. लाकूड खरं-खोटं बघत न्हाई. ते बघायचं काम तुमचं व्हतं."

साहेबरावाच्या हातातला दगड खाली पडला. टण्ण वाजला.

हरिबानं महाराजाला बाहेर ओढलं, फौजदारानं नेलं. शिरूरहून डॉक्टर आले. त्यांनी पोराच्या आजाराची चौकशी केली आणि आमचा पिण्याच्या पाण्याचा झिरा, म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, दाखवायला सांगितलं. झिरा डोहाच्या खालच्या अंगाला होता. आठ दिवस वरच्या अंगाला हजारो माणसं बसत होती, उठत होती, धूत होती. ते सगळं वाळूतून झिऱ्यात उतरलं होतं आणि तेच पाणी पोराच्या पेल्यात. पाणी उकळलं असतं तर पोर आज असतं, डॉक्टर म्हणाले. साहेबराव तिथंच उभा होता. ती जत्रा भरवायला सगळ्यात पुढं तोच होता.

साखरबाईचा डावा डोळा गेला तो गेलाच. दगड कुणी मारला ते तिला माहीत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. मलाही माहीत आहे, आणि मीही सांगणार नाही, कारण तो कुणाच्याही हातून सुटला असता.

मगरीची गोष्ट खोटी होती, कबूल. माझ्या थापांनी कुणाचा हात मोडला नाही, म्हणून त्या चालून गेल्या. पण हे मनावर घ्या. उद्या तुमच्या गावात कुणी दगड तरंगवून दाखवला, तर पाया पडण्याआधी एवढंच म्हणा, बाबा, जरा माझ्या हातात द्या, वजन बघतो. पोर आजारी पडलं तर शेजारणीचं कपाळ बघू नका, पाणी बघा. आणि तो बाबा जर म्हणाला, हात लावायचा नाही, तर तिथंच समजा की तुम्हाला उत्तर मिळालं.