दुसऱ्या हौदाचं पाणी

ठाण्याच्या तलावाकाठी पाणी गाळायचे वाळूचे दोन हौद होते. सन १८८९च्या चैत्रात गावात पटकीची साथ आली, तेव्हा तिथले ओव्हरसियर परशुरामपंत यांनी हुकूम काढला: दर सोमवारी वाळूवरचा बुळबुळीत थर खरवडून काढायचा.

गाळलेलं पाणी ते रोज मोजत. काचेच्या उंच नळीखाली छापील कागद ठेवायचा, वरून पाणी ओतत जायचं आणि अक्षरं दिसेनाशी झाली की थांबायचं. पहिल्या हौदाचं पाणी दहा बोटांवरच गढूळ दिसे. दुसऱ्याचं मात्र अठ्ठावीस बोटं चढे. तलाव एक, वाळू एक, मग हा फरक कुठला?

दुसरा हौद तिथं मजुरीला असलेल्या तुळसाकडे होता. नमुन्याची कळशीही तीच भरून आणायची. पंतांना संशय आला, बाई काम चुकवते आणि कळशी विहिरीवर भरते. सोमवारी ते बाभळीआड उभे राहिले. तुळसा फावडं मांडीवर घेऊन नुसती बसून होती.

"सापडलीस! कळशी विहिरीवर भरतेस ना?"

"विहिरीवर कशाला जाईन? तोटीचंच पाणी हाय, साहेब."

"मग खरवडत का नाहीस?"

"थर काढला का पाणी गढूळ येतं. माझी पोर तेच पिते. हौद तुंबला का मीच काढते."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलेलं. तुम्ही बोललात, गप खरवड."

पंतांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिला तिथूनच घरी धाडलं आणि पाच दिवस स्वतः कळशी भरली. अठ्ठावीसच बोटं. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतः तो थर खरवडला. दुसऱ्या सकाळी नऊ बोटांवर अक्षरं गेली.

 महिनाभर पहिल्या हौदाचं तसलं पाणी पंतांच्याच हुकमानं गावात गेलं होतं. किती जणांच्या पोटात, ते कोण मोजणार?

दुपारी ते तुळसाच्या दारात गेले. "चूक माझी होती. वरच्या साहेबांना तसं लिहून कळवलंय. परत ये."

"येते. पण नळीत मी बघणार."

"तुला वाचता कुठे येतं?"

"दिसतं का नाय, तेवढं कळतं."

दोन्ही हौदांवर थर धरू दिला. पंधरा दिवसांत दोन्हींकडचं पाणी पंचविसाच्या वर चढलं. तरी पंत हौदाकडे वळले, की तुळसा हातातलं काम टाकून त्यांच्या मागोमाग जायची आणि त्यांच्या हातांकडे बघत राहायची.